डॉक्टर ओरडेनासे झाले

डॉक्टर ओरडले म्हणजे लेकरू सुखरूप आहे, असं त्या बाकावरच्या बायकांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं.

दर गुरुवारी सोलापूरच्या त्या दवाखान्यात लहान मुलांच्या मेंदूची आणि नसांची ओपीडी भरायची. फिट येणारी, उशिरा बोलणारी, मान न धरणारी, पाय ओढत चालणारी लेकरं, कुणी आईच्या कडेवर, कुणी आजीच्या मांडीवर. डॉक्टर उदयसिंह निंबाळकर मूळचे वेळापूरचे. वय तिशीच्या जरा पुढं, आणि आवाज असा की बांधावर उभं राहून पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी. दार लोटलेलं असलं तरी आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. गोळी कुणाला विचारून बंद केली, जेवताना पोराच्या हातात मोबाईल कुणी दिला, गंडा बांधायला मी सांगितलं होतं का. आत गेलेली बाई मान खाली घालून ऐकून घ्यायची आणि बाहेर येऊन बाकावर टेकली की पदरानं तोंड पुसत हसायची.

मोडनिंबच्या रंभाबाई तर उघडच बोलायच्या. नातवाला फिट यायच्या म्हणून त्या त्याला दर महिन्याला एसटीनं घेऊन येत. "लई बोलला गं आज," आतून आल्या की त्या सांगत. "आता म्हैनाभर घोर न्हाय."

उन्हाळा सरता सरता डॉक्टरांचं काहीतरी बदललं. सगळ्यांशी नाही, काही जणांशीच. एखाद्या लेकराची फाईल उघडली की ते गप्प व्हायचे, टेबलावरचा मोबाईल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि त्या आईबापांना घेऊन कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत जायचे. त्या खोलीत आधी मोडके वजनकाटे आणि रिकामी खोकी पडलेली असत. आता तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या. दार लागायचं आणि आतून चकार शब्द बाहेर येत नसे. नंतर दार उघडायचं, तेव्हा ते आईबाप बाकाकडं न बघता सरळ जिन्याकडं जायचे.

हे ओळखायला बाकाला फार वेळ लागला नाही. खुर्चीवर बसवलं की समजायचं, असं रंभाबाईंनी जाहीर केलं, आणि त्यानंतर आत जाणारी प्रत्येक बाई मनातल्या मनात म्हणायची, मला बसवू नका, मला बोला, चार शब्द जास्त बोला.

बुद्धप्रियानं हे सगळ्यांच्या आधी टिपलं होतं. टिपणं हा तिचा स्वभावच होता. बी.एस्सी. झालेली, यशपालच्या जन्माआधी एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवणारी. बाळ झाल्यावर नोकरी सुटली आणि वर्गातल्या पन्नास पोरांवरची नजर एका पोरावर आली. दूध किती पोटात गेलं, झोपेत श्वास कसा चालतो, शी कुठल्या रंगाची झाली. नवरा धर्मपाल म्हणायचा, पोरगं शिंकलं तरी ही ॲम्ब्युलन्स बोलवायची. एकदा यशपालच्या पोटावर लाल ठिपके दिसले म्हणून तिनं भर उन्हात त्याला घेऊन दवाखाना गाठला होता, तिथून दुसरा, तिथून तिसरा. निघालं काय, तर घामोळं. बुधवार पेठेतल्या त्यांच्या घरी कुणी पाहुणा आला की सासूबाई, नागूबाई, ते घामोळं रंगवून सांगायच्या. सगळे हसायचे, तीही हसायची. पण त्या दिवसापासून तिच्या काळजीला घरात किंमत उरली नाही.

म्हणून यशपाल जिन्यात मागं पडायला लागला तेव्हा ती बरेच दिवस बोललीच नाही. चार वर्षांचं पोर. अंगणात सगळी पोरं पळायची आणि हा पडायचा, उठून पुन्हा पळायचा, पुन्हा पडायचा. पायरी चढताना कठड्याला लोंबकळायचा. पिंढऱ्या मात्र बघत राहाव्यात अशा, गोल आणि टणक. धर्मपालचे चुलते रामहरी तरुणपणी आखाड्यात उतरलेले. त्यांनी एकदा त्या पिंढरीवर थाप मारली आणि म्हणाले, हा आपला पैलवान. झालं, तेव्हापासून घरात कुणी त्याला यश म्हणेना. पैलवानाला अंडं द्या, पैलवानाला खारीक भिजत घाला. बुद्धप्रिया आंघोळीआधी त्याला तेल लावायची तेव्हा ती पिंढरी तिच्या हातात यायची आणि तिचा हात तिथंच थांबायचा. मांड्या काटकुळ्या, दंड काटकुळे, आणि तेवढ्याच जागी हे एवढं दगडासारखं. ताकद अशी एकाच जागी येऊन बसते का?

शेवटी सर्दीचं निमित्त करून तिनं त्याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं आणि त्यांनी निंबाळकरांकडं पाठवलं. निंबाळकरांनी पिंढऱ्या दाबून बघितल्या, रक्त घेतलं. रक्तातला एक आकडा भलताच मोठा आला. आणखी एका तपासणीसाठी रक्त पुण्याला पाठवावं लागेल, त्याला वेळ लागेल, तोवर दर गुरुवारी व्यायाम शिकायला या, असं ठरलं. त्या दिवशी ते ओरडलेही होते. शिकलेल्या दिसता आणि पोराला इतक्या उशिरा आणता? ती बाकावर येऊन बसली तेव्हा रंभाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, चांगलं झालं. आणि विज्ञान शिकवणाऱ्या बुद्धप्रियाला ते खरं वाटलं.

डॉक्टर का बदलले, हे तिला मायाक्का सिस्टरकडून कळलं. मायाक्का अक्कलकोटच्या पलीकडच्या. घरात कानडी, कामावर मराठी, निवृत्ती जवळ आलेली. एका गुरुवारी त्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी आपला मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला.

"यव्वा, तू मास्तरीण होतीस ना? ह्ये जरा बघ की. पुस्तकातली मराठी मला कळत न्हाय."

मोबाईलवर एक अभ्यासक्रम होता. पेशंटला आणि नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची, त्याचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना तो वरून आला होता. रोज एक छोटी चित्रफीत, खाली प्रश्न, शेवटी परीक्षा. साहेब त्यात लई मन लावून बसलेत, मायाक्का सांगत होत्या, जेवताना पण कानात वायर असती त्यांच्या. त्या पंढरपूरच्या बाळाच्या बापानं त्यांची कॉलर धरली होती ना, इथंच, तसली बातमी उभ्या उभ्या सांगितली म्हणून, तेव्हापासून. मायाक्कांचं मात्र पहिल्या धड्यालाच अडलं होतं. आकलन म्हणजे काय, खातरजमा म्हणजे काय, हे विचारायचं कुणाला?

मग ते दर गुरुवारचंच झालं. यशपाल आत व्यायाम करायचा आणि बुद्धप्रिया बाकावर बसून मायाक्कांच्या वतीनं धडे बघायची, उत्तरं द्यायची. चित्रफितीत एक खोटा डॉक्टर आणि एक खोटी आई असायची. डॉक्टर आधी दार लावायचा. मग आईला बसवायचा, स्वतः बसायचा, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. लेकरू खोलीत असेल तर सिस्टर त्याला बाहेर न्यायची. जवळचं माणूस बरोबर आहे ना, हे तो बघायचा. तुम्हाला आत्तापर्यंत काय वाटतंय, असं विचारायचा. मग एक वाक्य, धक्का बसण्याआधी सावध करणारं. आणि मग ते. खोटी आई रडायची आणि खोटा डॉक्टर गप्प बसायचा, कारण गप्प बसणं हीसुद्धा एक पायरी होती.

मायाक्का परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाल्या. त्यांनी तिला पेढा दिला. तिनं तो खाल्लाही. पण त्या पायऱ्या आता तिच्या डोक्यात होत्या, पाढ्यासारख्या.

म्हणून बुधवारी दवाखान्यातून फोन आला, रिपोर्ट आलाय, उद्या येताना मिस्टरांना घेऊन या, तेव्हा तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही. जवळचं माणूस. त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर तिनंच टिचकी मारून दिलं होतं.

तिनं धर्मपालला काहीच सांगितलं नाही. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की जॉबरला बोलवायचं, तो जिथं दुखतंय तिथं हात घालणार. संध्याकाळी तो आला, यशपालला पाठीवर घेऊन घरभर घोडा झाला, जेवला, झोपला. ती त्याच्याकडं बघत होती. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तुला आपलं प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. पण न सांगण्याचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं होतं, की ते तिनं स्वतःच्या मनातसुद्धा मोठ्यानं म्हटलं नसतं. जवळचं माणूस बरोबर नसलं तर एक पायरी निघते. मधली पायरी काढून घेतली तर डॉक्टर सांगणार कसे? गंडेदोरे बांधणाऱ्या बायकांना शाळेत तिनं किती वेळा समजावलं होतं. आणि तीच आता एकटी जाऊन वाईट बातमी अडवायला निघाली होती.

गुरुवारी डॉक्टरांनी तिची फाईल उघडली आणि गप्प झाले. मोबाईल ड्रॉवरमध्ये गेला. मायाक्का आल्या, त्यांनी यशपालचं बोट धरलं आणि वजनकाट्यावर उभं राहायचं का म्हणत त्याला बाहेर नेलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. छोट्या खोलीचं दार लागलं.

"बसा ना, ताई."

"नको, बरं आहे."

डॉक्टर अर्धे खुर्चीत टेकले होते. ते पुन्हा उठले. तिला माहीत होतं ते का उठले. डोळ्यांची रेष. दोघंही उभे राहिले, मध्ये रिकाम्या खुर्च्या.

मिस्टर नाही आले का, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, ते बाहेरगावी गेलेत. मग सासूबाई? त्यांचे गुडघे दुखतात. भाऊ, बहीण, शेजारचं कुणी? कुणी नाही म्हणाली ती. एकेक पायरी ती अशी ओढून काढत होती आणि डॉक्टर तिच्याकडं इतक्या मऊ नजरेनं बघत होते, की तिला ते सोसेना.

"सर, तुम्ही नेहमीसारखं बोला ना," ती म्हणाली. "ओरडा पाहिजे तर. मी व्यायाम चुकवलेत, दोन-तीनदा. तुम्ही तेल गरम करून लावू नका म्हणाला होता, तरी मी लावलं. अंडं पण रोज देत नाही, खोटं सांगितलं होतं. ओरडा ना मला."

"कशासाठी ओरडू?" डॉक्टर म्हणाले. "तुमचं काय चुकलंय?"

बांधापलीकडं पोचणारा तो आवाज इतका खाली येऊ शकतो, हे तिला माहीत नव्हतं. भिंतीला हात लावून ती तशीच उभी राहिली.

मग ते म्हणाले, असं करू, पुढच्या गुरुवारी मिस्टरांना घेऊन या, आपण निवांत बोलू, आज घाई नको. आणि त्यांनी स्वतः पुढं होऊन दार उघडलं.

तिनं अडवली होती बातमी. खरंच अडवली होती.

बाकावर रंभाबाई वाटच बघत होत्या. "बसवलं का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, मग चांगलंच हाय की. यशपाल मायाक्कांनी दिलेलं बिस्कीट खात होता. ती त्याचं बोट धरून जिन्याकडं निघाली. यशपालनं कठडा धरला आणि एकेक पाय खाली टाकायला लागला, बिस्कीट दातात धरून, आणि मध्येच त्यानं वर बघितलं आणि बिस्कीट धरूनच हसला.

तिला पुढचा आख्खा आठवडा दिसला. रोज तेल लावायचं, रोज पैलवान म्हणून हाक मारलेली ऐकायची, अंगणात पडला की लागलं नाही म्हणायचं, आणि तिकडं एका ड्रॉवरमध्ये रिपोर्टात लिहिलेलं ते पडलेलंच असणार. पुढच्या गुरुवारी काही ते कमी झालेलं नसणार. तिनं अडवली होती ती बातमी नव्हेच. पोराच्या पायात जे व्हायचं ते होतच होतं, तिला विचारून थोडंच होणार होतं? तिनं फक्त स्वतःच्या कानांवर हात ठेवले होते.

तिनं यशपालला उचललं, वर येऊन त्याला रंभाबाईंच्या मांडीवर बसवलं आणि छोट्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं. डॉक्टर अजून तिथंच होते, खुर्चीत, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून. तिनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"सांगा."

"ताई, एकट्यानं..."

"सर, मला माहितीये कसं सांगतात ते. आता तुम्ही विचारणार, तुम्हाला काय वाटतंय. मला वाटतंय की त्याचे पाय जाणार आहेत."

धड्यातल्या डॉक्टरकडं याच्यावर दोन वाक्यं होती. सावध करणारं एक, आणि दुसरं, मला समजतंय हे तुमच्यासाठी किती अवघड आहे, असलं काहीतरी. निंबाळकरांच्या ओठांवर त्यातलं काही आलंही असेल.

"हो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सावकाश, मध्ये थांबत. हा स्नायूंचा आजार आहे, त्याचं नाव इंग्रजी आहे आणि लांब आहे, ते लिहून देतो. स्नायू टिकायला एक प्रथिन लागतं, ते याच्या अंगात जन्मापासून तयारच होत नाही, म्हणून स्नायू झिजत जातात. पिंढऱ्या जाड दिसतात तो जोर नाही. झिजलेल्या जागी चरबी साठते, तिथं सूज आल्यासारखं दिसतं. बरं करणारं औषध आज आपल्याकडं नाही, झीज लांबवणारं आहे. व्यायाम, गोळ्या, वेळेवर तपासण्या. तिच्याही रक्ताची एक तपासणी करावी लागेल, त्याबद्दल पुढच्या वेळी बोलू. दहा-बारा वर्षांचा झाला की चाकाची खुर्ची लागेल. पुढं छाती आणि काळीज सांभाळावं लागेल.

"आणि मग?" तिनं शाळेतल्या आवाजात विचारलं, जसं पोरांना विचारायची, पुढची अवस्था कोणती.

काही मुलं विशी-पंचविशीपर्यंत जातात, काही तिशीच्या पुढं, म्हणाले ते. मी तुम्हाला आकडा देऊन बांधून ठेवणार नाही. आणि मग ते धड्यात नसलेलं काहीतरी बोलले. पहिल्या दिवशी उशिरा आणलं म्हणून मी तुम्हाला बोललो होतो. त्याच्या आधी वर्षभर आणलं असतं तरी रिपोर्ट हाच असता. ते मी बोलायला नको होतं.

तिला वाटलं, नाही, तेच बरं होतं. उशीर झाला असता, तर निदान लवकर आणून काही वाचलं असतं असं तरी म्हणता आलं असतं.

मायाक्का पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि परत न जाता तिच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी शेवटचं विचारलं. मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का? सगळं नको, घरी जेवढं सांगणार तेवढं. आकलनाची खातरजमा. याचं उत्तर तिनं बरोबर दिलं होतं, मायाक्कांना समजावूनही सांगितलं होतं, की आपण बोललो ते समोरच्याला पोचलं का, ते बघायचं.

"आमच्या यशपालला," तिनं सुरुवात केली, आणि तिथंच थांबली. इतका वेळ तो आजार होता, स्नायू होते, प्रथिन होतं. त्याचं नाव तिच्याच तोंडून पहिल्यांदा त्या सगळ्याला चिकटलं. मायाक्कांचा हात तिच्या पाठीवर आला. धड्यातल्यासारखंच ते गप्प बसले होते, पण त्या गप्प बसण्यात डॉक्टरांनी दोनदा नाक ओढलं, ते धड्यात नव्हतं.

तिनं वाक्य पूर्ण केलं. मग दुसरंही केलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, मिस्टरांना फोनवर सांगू नका, गावाहून येऊ द्यात. तेव्हा तिनं सांगितलं की ते गावाला नाहीत, इथंच एमआयडीसीत आहेत, पहिल्या पाळीला. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. गुरुवारी दोघं या, ते म्हणाले, मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगेन, त्यांना जितक्या वेळा ऐकायचंय तितक्या वेळा.

गुरुवारपर्यंत ती थांबू शकली नसती. सात रस्ता चौकातून तिनं रिक्षा केली आणि यशपालला मांडीवर घेऊन सरळ अक्कलकोट रोडला आली. वाटेत ती पायऱ्या आठवत होती. आधी जागा. मग बसवायचं. मग विचारायचं.

कारखान्याच्या फाटकाशीच मागांचा आवाज अंगावर आला. पाळी सुटायला वेळ होता. निरोप गेल्यावर धर्मपाल बाहेर आला, केसांत, भुवयांत सुताची पांढरी कूस बसलेली. बायको-पोराला तिथं बघून आधी दचकला आणि मग पोराला बघून हसला. आज पैलवान बापाच्या कामावर, असं काहीतरी म्हणत त्यानं यशपालला उचलून गरकन फिरवलं आणि खाली ठेवलं. भिंतीकडेला रंगीत सुताच्या टाकाऊ गुंत्यांचा ढीग होता. यशपाल तिथं जमिनीवर फतकल मारून बसला आणि त्यातले लाल तेवढे वेगळे काढायला लागला.

बसायला कुठं जागाच नव्हती. तिनं उभ्या उभ्या सांगितलं, एका दमात, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. चाकाची खुर्ची आधी आली, आजाराचं नाव मग, पुण्याचा रिपोर्ट सगळ्यात शेवटी. पायरी एकही आठवली नाही. धर्मपालनं खांदे उडवले.

"हे डॉक्टर म्हणाले, का तुला वाटायलंय?"

डॉक्टर म्हणाले, असं तिनं दोनदा सांगितलं. पण तिला दिसत होतं, त्याला तिचा तोच चेहरा दिसत होता, भर उन्हात तीन दवाखाने केलेला. तो चिडला नाही, उलट समजूत घातल्यासारखं बोलायला लागला. डॉक्टर लोक असंच घाबरवतात म्हणाला. मोठ्या डॉक्टरांना दाखवू, हैदराबादला जाऊ. आणि तू एकटी गेलीस कशाला, एकटी ऐकायला गेलीस की तुला असंच ऐकू येणार. पिंढऱ्या बघ की त्याच्या, म्हणाला, असल्या पिंढऱ्या आख्ख्या पेठेत कुणाच्या आहेत का? आतून कुणीतरी त्याला हाक मारली, एक माग बंद पडला होता. तो वळला आणि यशपालला उचलायला वाकला.

तिनं त्याची बाही धरली.

"थांबा. त्याला उठू द्या. तुम्ही फक्त बघा."

ऊठ रे यश, घरी जायचंय, असं ती म्हणाली. यशपालनं मुठीतली लाल सुतं खिशात कोंबली. मग तो आधी पालथा झाला. दोन्ही हात जमिनीवर टेकून त्यानं कुल्ले वर उचलले, पाय फाकवले. एक हात गुडघ्यावर आला, मग दुसरा. मग ते हात मांडीवरून वर सरकत गेले, एकेक वीत, जसा कुणी स्वतःच्याच अंगावर चढत असावा. शेवटी कमरेला झटका देऊन तो सरळ झाला आणि हसला.

धर्मपाल हलला नाही. एकाच वेळी धडधडणाऱ्या मागांमधून कुठल्या मागाचा धोटा चुकतोय, हे त्याला दारातून कळायचं. तसा तो उभा होता, मान जराशी कलती, डोळे पोराच्या मांड्यांवर. आतून पुन्हा हाक आली.

"पैलवान," तो म्हणाला, "परत बस बघू."

यशपालला तो खेळ वाटला. तो धपकन बसला.

"हां. आता ऊठ."

तो पुन्हा पालथा झाला. पुन्हा हात जमिनीवर, गुडघ्यावर, मांडीवर. बुद्धप्रियाला ते बघवेना, पण तिनं धर्मपालला थांबवलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं नाही. त्यानं तोंडावरून हात फिरवला, कूस सगळ्या तोंडाला लागली.

"असं कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"मी रोज घोडा होतो की गं त्याचा," तो म्हणाला, "मी रोज त्याला उचलूनच घेतो."

मग तो फाटकाशी गेला, वॉचमनला काहीतरी सांगितलं, परत आला आणि सुताच्या ढिगाला टेकून खाली बसला. यशपाल त्याच्या मांडीत जाऊन बसला आणि खिशातली लाल सुतं काढून बापाच्या बोटाला गुंडाळायला लागला.

"सांग," धर्मपाल म्हणाला. "ते काय काय म्हणाले ते सगळं सांग. मधलं काही गाळू नको."

ती त्याच्याशेजारी बसली. पण मागांच्या आवाजात मोठ्यानं बोलल्याशिवाय काही ऐकू जात नव्हतं, आणि मोठ्यानं बोलावं तर ऐकणारं तिसरं माणूस बापाच्या मांडीत बसलेलं होतं. त्याला कुणी सांगायचं, कधी सांगायचं, याचा धडा त्या मोबाईलमध्ये होता की नव्हता, तिला आठवेना. तिनं यशपालच्या डोक्यावर हात ठेवला, धर्मपालच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागली.